अँटिसायकोटिक औषधे आणि मेंदूतील स्टेम सेल : बातमी पूर्ण द्यावी

संपादक महोदय,

स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मनोविकार) या आजारावर दिली जाणारी अँटिसायकोटिक औषधे मेंदूतील स्टेम सेलना, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशींना, इजेपासून वाचवतात, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. या आजाराच्या रुग्णांची वर्षानुवर्षे काळजी घेणाऱ्या आम्हा शुभंकरांना त्या वाचून उभारी येते, हे खरे. परंतु अशा एका बातमीवर घरात औषधांविषयी मत बनते आणि पुढे उलट बातमी आली की तेच मत कोसळते, म्हणून हे पत्र.

प्रयोगशाळेतील निरीक्षणे दखलपात्र आहेत, यात शंका नाही. ऑक्सिडेटिव्ह ताण (घातक ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींना होणारी इजा) देऊन मरणपंथाला लावलेल्या पेशींना ओलान्झापीन किंवा क्वेटियापीनसारखे औषध आधी दिले असता अधिक पेशी तगल्याचे प्रयोगांत आढळले आहे. ओलान्झापीन व रिस्पेरिडोन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशींची निर्मिती वाढल्याचेही दिसले. जुन्या पिढीतील हॅलोपेरिडॉलबाबत मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत, स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात स्टेम सेलचे विभाजन कमी असल्याचे जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये नोंदवले होते. त्यामुळे हा धागा धरून संशोधन पुढे नेणे रास्तच आहे.

तरीही बशीत वाढवलेली पेशी आणि वीस वर्षे गोळ्या घेणारा माणूस यांच्यातील अंतर फार मोठे आहे. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होतात, असे १९९८ मध्ये दाखवले गेले. पुढे २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत त्या जवळजवळ सापडल्याच नाहीत, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या वृद्धापकाळापर्यंत आढळल्या. ज्या पेशी वाचतात असे आपण म्हणतो, त्या प्रौढ मेंदूत किती असतात, यावरच शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शिवाय, अमेरिकेतील आयोवा येथे २११ रुग्णांच्या मेंदूंचे अनेक वर्षे वारंवार एमआरआय काढून केलेल्या अभ्यासात, ज्यांना या औषधांची मात्रा अधिक मिळाली त्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ही घट औषधामुळे किती आणि आजाराच्या तीव्रतेमुळे किती, हे अशा निरीक्षणातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. पण 'औषधाने मेंदू आकसतो' एवढेच ऐकून गोळ्या बंद केल्या जातात आणि काही महिन्यांत आजार उलटतो, ही आमच्या गटांतील नेहमीची व्यथा आहे.

औषध चालू ठेवण्याचा आधार स्टेम सेलच्या प्रयोगांवर अवलंबून नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुमारे साडेसहा हजार रुग्णांचा समावेश असलेल्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. त्याच आढाव्यात औषध घेणाऱ्यांत वजनवाढ आणि हालचालींचे विकार अधिक आढळले, हेही सांगितलेच पाहिजे. म्हणूनच वजन, रक्तातील साखर आणि चरबी यांची नियमित तपासणी व्हायला हवी, आणि ती होते की नाही हे कुटुंबानेही पाहायला हवे.

आपल्या आरोग्यविषयक पानांसाठी माझी विनंती अशी की, या विषयावरील प्रत्येक बातमीत प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर झाला, हे पहिल्याच परिच्छेदात यावे, आणि मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय गोळी बंद किंवा कमी-जास्त करू नये, ही सूचना 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकासह छापावी. दूर खेड्यात राहणाऱ्या अनेक घरांना मनोविकारतज्ज्ञ सहजासहजी भेटत नाहीत. तिथे हा क्रमांक पोचवण्याचे काम वर्तमानपत्र करू शकते.

आपली,
एक शुभंकर, पुणे