धबधब्याची सहल उतरताना फसते

महोदय,

परदेशातील डोंगरी धबधब्याची सहल बहुधा चढताना नव्हे, उतरताना फसते. ऑस्ट्रियातील क्रिमल धबधबा तीन टप्प्यांत ३८० मीटर कोसळतो; वरपर्यंत चढायलाच साधारण दीड तास जातो. म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहावी; सुट्टीच्या दिवशी ती बहुधा वेगळी असते. तुषारांनी भिजलेल्या शेवाळी दगडावर गुळगुळीत तळव्याचा बूट टिकत नाही, चपलेचे तर नावच नको. पाणी एकाएकी गढूळ झाले, तर वर पाऊस झाला असे समजून काठ सोडावा, फोटो नंतर. मदतीसाठी ११२ फिरवावा. रेंज नसेल तर शिटी हवी, कारण धबधब्याच्या आवाजात हाका विरतात. आल्प्समधला संकेत असा: मिनिटात सहा शिट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटात तीन आल्या, की निरोप पोचला.

– एक वाचक