बंड्या, काकांचा बॉयलर सूट मी घेतला

नागपूर
९ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. कामात वगैरे काही नव्हतो. गच्चीवर बसून तणस बांधत होतो आणि तुला काय सांगावं ते सुचत नव्हतं. पाडव्याला मेसेज टाकला तो चिनूनं लिहिलेला होता, तुला कळलंच असेल, शुद्धलेखन बरोबर होतं. माझी शुगर आहे तिथंच आहे. वर्षाचा गुडघा आहे तिथंच आहे. तब्येतीचं संपलं.

आता ऐक. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय काकूंना फोन करू नको.

तुमच्याकडचं ते हॅलोविन आमच्या सोसायटीतही येऊन पोचलं. पोट्ट्यांनी ठरवलं, ३१ तारखेला गेटपाशी माणसाच्या उंचीचं भूत उभं करायचं. कुणीतरी म्हणालं, चिनूच्या बाबांनी लहानपणी महालात मारबतीच्या मिरवणुकीतले बडग्याचे पुतळे केलेत, त्यांना सांगा. मी नाहीच म्हणणार होतो. पण कोणतं भूत म्हणून विचारलं, तर चिनूनं मोबाईल पुढे केला. पांढरा चेहरा, बॉयलर सूट, हातात सुरा. मायकल मायर्स! त्या 'हॅलोविन' सिनेमातला खुनी.

तुला आठवते ना ती रात्र? नाही आठवत म्हणालास तर खोटारडा आहेस. व्हिडिओ भाड्यानं आणलेला, तुमच्या मधल्या खोलीत आपण चौघं, तू गोधडीत. ऐन मोक्याला लाईट गेली आणि दारात काका. दुसरी पाळी संपवून आलेले, अंगात बॉयलर सूट, हातात डबा. आपण जे बोंबललो! आणि काका तिथंच उभे, मान तिरपी करून, कारण आपण काय ओरडून राहिलो ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. तेव्हापासून माझ्यासाठी मायकल मायर्स म्हणजे डब्याचा वास. घाबरावं की भूक लागावी ते कळत नाही.

म्हणून हो म्हटलं. मूर्खपणा सगळा तिथून सुरू झाला.

आधी पोट्ट्यांचं ऐकून पीव्हीसी पाइपचा सांगाडा केला, अमेरिकेत तसाच करतात म्हणे. हवा आली की तो दारुड्यासारखा डुलायचा. फेकून दिला. सरळ बांबू आणला, कमच्या काढल्या, सुतळीनं आवळलं. छातीत तणस, मांड्यांत तुराट्या. पायाखाली दोन बाय दोनचा प्लाय आणि त्यावर चार पेव्हर ब्लॉक. हात अजून विसरले नाहीत बंड्या, फक्त पाठ विसरली. गाठ मारताना तुझी ती उलटी गाठ आठवली, जिच्यामुळे आपल्या बडग्याचं धोतर भर मिरवणुकीत सुटलं होतं. माझीच होती असं तू अजूनही म्हणतोस. तुझीच होती.

खरी मजा चेहऱ्याची. ऑनलाइन मुखवटा मागवला तर तो लॉजच्या मॅनेजरसारखा निघाला, सुजलेला आणि समाधानी. मग चिनूनं शोधून सांगितलं की १९७८ च्या त्या सिनेमातला मूळ मुखवटाही बाजारातलाच होता, दोन डॉलरच्या आतला. स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा! भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, केस विस्कटले, झालं. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या माणसाला नावसुद्धा नाही, नुसतं 'द शेप'. म्हणजे इतकी वर्षं आपण एका भल्या कप्तानाला घाबरून राहिलो होतो. आणि ती उडणारी वाळकी पानं? ती रंगवलेल्या कागदाची. कॅलिफोर्नियात ऐन वसंतात शूटिंग, पानगळ आणणार कुठून? शॉट झाला की तीच पानं गोळा करून परत उडवायचे. आपल्या गल्लीतल्या नाटकमंडळासारखाच कारभार.

मी चितार ओळीत गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मूर्तिकाराकडून माती घेतली, तिच्यावर तेल लावून कागदाचे सात थर चढवले, खळीत मोरचूद टाकून. मधेच पाऊस आला, चार दिवस वाळेचना, वर्षाच्या हेअर ड्रायरची वाट लागली. म्हाताऱ्याला दाखवायला नेलं तर तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "आम्ही सगळ्यात शेवटी डोळे काढतो जी, मग ती मूर्ती होते. तुम्ही तर भोकंच ठेवून राहिले." मी म्हटलं, हे असंच असते. तो म्हणाला, "मग आतून काळा मारा, उजेड दिसू देऊ नका." तेवढ्यानं चेहरा बदलला बघ. रंगही पांढराशुभ्र नाही दिला, त्यात राख मिसळली. केस तागाचे. सुरा पुठ्ठ्याचा, त्यावरूनही कमिटीची एक मीटिंग झाली, तिचं वर्णन करत नाही.

आता मान. सिनेमात तो एकदा मान कलती करून बघतो, आठव. ती पाहिजेच होती. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली. बारा व्होल्टवर मान अशी फिरायची की जणू काच पुसून राहिला आहे. मग जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधून पाच व्होल्ट दिले, तेव्हा संथ झाली. समोरून कुणी गेलं की सेन्सर लागतो आणि मान एका बाजूला कलते, थांबते, परत येते. मोटर डाव्या खांद्यात बसवावी लागली म्हणून एकाच बाजूला कलते. मी ठरवून केलं नाही, शपथ. हे लक्षात ठेव.

राहिला बॉयलर सूट. नवा मिळतो, पण नव्याचा निळा रंग बोंबलतो. त्याच आठवड्यात काकूंचा माळा साफ करायला गेलो होतो, दरवर्षी जातो तसा. ट्रंकेत सगळ्यात खाली घडी करून ठेवलेला. काकू म्हणाल्या, "ने, तुझ्या कामी येईल." कशाला पाहिजे विचारलं तर मी म्हटलं, घरी रंगकाम काढलंय. ही थाप मी तुझ्या आईला मारली, वय वर्षं चौपन्न.

३१ ला संध्याकाळी तो उभा राहिला आणि पोट्टे अक्षरशः पळाले. वॉचमननं खुर्ची उचलून मागच्या गेटला नेली. एक शेजारी घरात जाऊन देव्हाऱ्यापुढे बसला, नाव सांगणार नाही, मनीष नगरात आमचंही राहणं आहे. मी हवेत. आणि चिनू, तिला काहीच माहीत नव्हतं, जेवायला म्हणून काकूंना स्कूटीवर घेऊन आली.

मी वरून पाहिलं. जिना उतरेपर्यंत उशीर झाला होता. काकू त्याच्यासमोर उभ्या. सेन्सर लागला. मान कलली, काकांची कलायची त्याच बाजूला.

घाबरल्या नाहीत रे. वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेल्या, चांगल्या कानाकडे, आणि मोठ्यानं विचारलं, "जेवले का?" मग गळ्याचं वरचं बटन लावलं. मी खाली पोचलो तर म्हणाल्या, "रंगकाम छान झालं तुझं."

जेवताना सगळं ठीक. दोनदा भात घेतला, वर्षाच्या वरणाला नावं ठेवली. मी हळूच विषय काढला तर म्हणाल्या, "बाहुला आहे ते मला दिसत नाही का?" मग मी निवांत झालो. पण दुसऱ्या दिवसापासून रोज साडेसातला फोन. आधी चिनूचं, भाजीचं, आणि शेवटी सहज, "उभा आहे का अजून?" आता तूच सांग, हे विसरणं आहे की आठवणं? डॉक्टरकडे नेऊ का? काय म्हणून नेऊ? गॅस बंद करतात, पासबुक भरून आणतात, माझ्या उधारीचा आकडा रुपयांसकट सांगतात. चिनू म्हणते, आजी मजा करून राहिली, बाबा, तुम्हीच सिरियस होता. असेल. पण त्या वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या, ते मी पाहिलं, चिनूनं नाही.

दोन दिवसांनी गेटपाशी तुळशीचं लग्न होतं. मायकलला हलवायला चौघं लागतात, म्हणून त्याच्यावर चादर टाकून लग्न लावलं. अक्षता त्याच्यावरही पडल्या. त्यानंतर कमिटी म्हणते, उचला. पोट्टे म्हणतात, काका, तान्ह्या पोळ्याच्या मारबतीसारखं वाजतगाजत नेऊ, 'इडा पीडा घेऊन जा' करू आणि जाळू. बरोबरच आहे त्यांचं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आजवर कुणी मारबत घरी परत आणली नाही. सूट काढून घ्या म्हणते वर्षा, मग जाळा की. मलाही पटलं. काढायला गेलो. वरचं बटन सोडलं आणि हात थांबला.

बंड्या, एकदा काकांना मी अग्नी दिला आहे. घाटावर तू नव्हतास, विमानं नव्हती, तुझा दोष नव्हता, आणि तरी त्या रात्री फोनवर मी तुला जे बोललो ते बोललो. त्यावर आपण कधी बोललो नाही, आताही नको. एवढंच सांगतो, दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होत नाही. तणसालासुद्धा.

आणि हसू नको, तुझी ती गोष्ट आठवली. आपण सातवीत, बडग्या पेटवायची वेळ झाली आणि मुंडकं गायब. तू दप्तरात लपवलं होतंस. मी तुला आठ दिवस 'मारबतीचा नवरा' म्हणून चिडवलं, सगळ्या वर्गाला सांगितलं. काका मात्र तुला काही बोलले नव्हते. ते मुंडकं पुढे कुठं गेलं रे? आता खरंच विचारतो आहे.

तर सध्या तो आमच्या गच्चीवर आहे, टाकीकडे तोंड करून. सेन्सरची वायर काढली आहे.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते कळव, मागे कपात म्हणत होतास. रोहनचं कॉलेज सुरू झालं असेल, त्याला आशीर्वाद. वहिनींना सांग, लोणचं पाठवतो, या वेळी खरंच.

आणि काकूंना काय सांगायचं ते तू ठरव. सूट धुऊन परत ट्रंकेत ठेवू? त्यांनाच विचारू? की तू येईपर्यंत तो असाच उभा ठेवू? येणार असशील तर तारीख कळव, मी कमिटीला तेवढं थोपवतो.

आत्ताच साडेसातचा फोन येऊन गेला. इकडे आभाळ भरून आलं आहे. काकूंनी विचारलं, "आत घेतलं का त्याला?" मी हो म्हटलं.

थांबतो. एकट्यानं प्लाय हलत नाही, चिनूला हाक मारतो.

तुझा,
दिल्या