‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी पाथ तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कार्यालयाच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकले नाही असा नागपूरकर विरळाच. सर्व्हर सांभाळणे हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय असल्याने अनुभवाने सांगतो, की अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो. त्यावरच्या फाइलींपर्यंत नेणारा पाथ तेवढा तुटलेला असतो.

एका यंत्रावरचा फोल्डर दुसऱ्या यंत्राला स्वतःच्याच फोल्डरसारखा वापरता यावा, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत आणली आणि लिनक्स सर्व्हरवर ती आजही सर्रास वापरली जाते. विंडोज वापरणाऱ्यांना याच जातीची सोय ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून ठाऊक आहे. फोल्डर कोणत्या यंत्रावर आहे आणि आपल्या यंत्रावर तो कुठे जोडायचा, या दोन गोष्टी इथे ठरवाव्या लागतात. आणि आपल्याकडे त्या बहुधा त्या दिवशी हजर असलेला तंत्रज्ञ आपल्या मर्जीने ठरवून मोकळा होतो.

एका कार्यालयातला प्रसंग सांगतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली, यूपीएसही दगा देऊन बसला. वीज आल्यावर कामाचा सर्व्हर लगेच उठला. फाइली ठेवणारे यंत्र मात्र डिस्क तपासत बसले. साहजिकच शेअर (त्या यंत्रावरचा सामायिक फोल्डर) माउंट झाला नाही, म्हणजे जोडला गेला नाही, पण ज्या रिकाम्या फोल्डरवर तो माउंट व्हायचा, तो फोल्डर जागच्या जागी होता. स्कॅनिंगच्या प्रोग्रामला यातले काहीच कळण्याचे कारण नव्हते. तो त्या फोल्डरात, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या लहानशा डिस्कवर, कागद साठवत राहिला. चौथ्या दिवशी ती डिस्क भरली आणि बोंब झाली. कोणीतरी घाईने शेअर माउंट केला, तर चार दिवसांचे स्कॅन दिसेनासेच झाले. ते स्कॅन करणाऱ्या लिपिक बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्रत्यक्षात काहीही पुसले गेले नव्हते. माउंट झालेल्या शेअरखाली जुना फोल्डर झाकला गेला होता. शेअर अनमाउंट करताच सगळे कागद पुन्हा दिसू लागले.

हे टाळण्याचे उपाय जुने आणि फुकटचे आहेत. लिहिण्यापूर्वी शेअर खरोखर माउंट आहे की नाही, हे प्रोग्रामने तपासावे. खालच्या रिकाम्या फोल्डरात कोणालाच लिहिता येणार नाही अशी तजवीज करून ठेवावी. किंवा गरज पडेल तेव्हा शेअर आपोआप जोडणारी ऑटोमाउंटची सोय वापरावी.

याहून मोठे दुखणे नावांचे आहे. त्याच कार्यालयात फाइली ठेवणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) प्रोग्राममध्ये, एक्सेलच्या लिंकांमध्ये आणि मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरही लिहिलेला होता. यंत्र बदलले, आयपी बदलला आणि सगळ्या लिंका एकदम मेल्या. लेखा शाखेचा झेड ड्राइव्ह वेगळा आणि आस्थापना शाखेचा वेगळा, त्यामुळे ‘फाइल झेडमध्ये ठेवली आहे’ या वाक्यालाही काही अर्थ उरला नव्हता. आपल्या शहरात टॉकीज पाडून तिथे संकुल उभे राहिले, तरी ऑटोवाला चौकाला टॉकीजच्याच नावाने ओळखतो आणि आपण बरोबर पोहोचतो. पाथमध्येही असेच टिकाऊ नाव हवे. ते डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यादीत, नोंदवले, की मागचे यंत्र बदलताना एका जागी दुरुस्ती पुरते. विंडोजमध्ये यासाठी डीएफएस नेमस्पेस, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरचे शेअर एकाच टिकाऊ नावाखाली दाखवणारी सोय आहे. २००० मध्ये आलेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत एका सर्व्हरवरचे सगळे शेअर एकाच मुळाखाली मांडता येतात.

काही कंत्राटदार ‘स्क्रीन हँग होते’ ही तक्रार मिटवायला हार्ड माउंट काढून सॉफ्ट माउंट करून देतात, तेही थांबायला हवे. हार्ड माउंटमध्ये यंत्र सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत राहते, आणि ते मुद्दामच तसे ठेवलेले असते. सॉफ्टमध्ये ते काही प्रयत्नांनंतर नाद सोडते, आणि त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते. नागरिकांच्या कागदपत्रांशी असा खेळ करू नये.

संगणक खरेदीच्या निविदांमध्ये रॅम किती, वॉरंटी किती वर्षांची, हे बारकाईने लिहिलेले असते. कोणता शेअर कोणत्या नावाने कुठे माउंट होतो आणि त्यावर कोण अवलंबून आहे, याची नोंदवही कंत्राटदाराने ठेवावी आणि कंत्राट संपताना ती कार्यालयाच्या ताब्यात द्यावी, अशी एक अट त्यात घालावी, एवढीच संबंधितांना विनंती आहे. वर सांगितलेल्या कार्यालयात गेल्या महिन्यात पुन्हा जाणे झाले. मॉनिटरवरची चिठ्ठी अजून तिथेच आहे, आणि तिच्यावरचा आयपी जुन्या यंत्राचाच आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नागपूर