आई-बाबा, अजून दोन वर्षं

लंडन, 18 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. इथली नोकरी अजून दोन वर्षं वाढवून घेतली. परवा सही केली. पैशासाठी नाही, बाबा, तुम्हाला ठाऊक आहे. चित्रांच्या सूचीचं काम अर्ध्यावर टाकून निघणं जमेना. मार्चमध्ये तीन आठवडे येतेच आहे, तिकीटही काढलंय.

आई, आज टेबलावर जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं चित्र होतं. तारीखही आजचीच, 18 नोव्हेंबर 1793. फ्लँडर्समध्ये फ्रेंचांशी लढणारे शिपाई थंडीने गारठू नयेत म्हणून इंग्रज बायकांनी फ्लॅनेलच्या बंड्या पुरवल्या. गिलरेने काय काढलं, तर त्या बायका स्वतःच शिपायांच्या अंगावर कपडे चढवतायत. नाव दिलं 'फ्लॅनेलचं चिलखत'. त्याच काळातल्या आयझॅक क्रूकशँक या व्यंगचित्रकारानेही तोच विषय घेतला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं, हाताने रंगवायचं, दुकानाच्या काचेत लावायचं. येणारा-जाणारा बघून हसायचा. ते छापून विकणारी हॅना हम्फ्री, तीही बाईच.

रेघ अप्रतिम आहे गं. पण बायकांच्या मायेत चावटपणाच शोधायचा, हे मला लागलं. बासष्ट साली, चीनच्या युद्धात, आजी नेफातल्या (आताच्या अरुणाचलातल्या) जवानांसाठी विणायची आणि तू लोकरीची लड हातांवर ताणून बसायचीस. तिला कुणी असं रंगवलं असतं तर? तुला आठवतं, मला स्वेटर घालताना डोकं गळ्यात अडकायचं, आणि बाहेर आलं की तू 'कुकूऽक' करायचीस. आज चित्रासमोर तेच आठवत राहिलं.

माझी काळजी करू नका. हीटर चांगला आहे, वरणभात रोज होतो, ज्वारीचं पीठही मिळतं. तू दिलेला राणी रंगाचा स्वेटर आत्ता अंगात आहे.

बाबा, पहाटे कानटोपीशिवाय बाहेर पडायचं नाही. पंधरा दिवस खोकला म्हणजे 'हवापालट' नाही, शनिवारी डॉक्टरांकडे जायचंच, आणि गोळी चहाआधी घ्यायची. रागावू नका, लांबून मला एवढंच करता येतं. आई, माळ्यावर चढू नकोस. मोतीबिंदूचं मी आले की उरकू, तोवर रात्री विणायला बसायचं नाही.

आणि बसलीसच, तर गळा जरा सैल ठेव.

तुमची,
चिमी