नियम पाळला नाही, मग कारण तरी नीट सांगा

मा. संपादक,

कंपन्यांचा नफा, लाभांश, शेअरचा भाव यांच्या बातम्या आपण सविस्तर देता. पण वार्षिक अहवालातच कॉर्पोरेट गव्हर्नन्सचे, म्हणजे कंपनीचा कारभार कसा चालतो याचे, एक प्रकरण असते. चांगल्या कारभारासाठी ठरवलेल्या संहितेतला कोणता नियम पाळला नाही आणि का, हे तिथे लिहिलेले असते. त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून हे पत्र.

ब्रिटनमध्ये १९९२ साली सर एड्रियन कॅडबरी यांच्या समितीने 'पाळा, नाहीतर कारण सांगा' हे तत्त्व घालून दिले. पुढे जर्मनी, नेदरलँड्स अशा अनेक देशांनी ते उचलले. मला ते आजही योग्य वाटते. लहान कंपनीला पुरेसे स्वतंत्र (कंपनीशी हितसंबंध नसलेले) संचालक मिळवणे, प्रत्येक कामासाठी वेगळी समिती नेमणे खरोखरच झेपत नाही. संस्थापकाच्या कुटुंबाकडे मोठा हिस्सा असेल, तर अध्यक्षपद सहसा घरातच राहते. हे मोकळेपणाने लिहिले, तर भागधारकाला पटते की नाही ते ठरवता येते.

संताप येतो तो कारण म्हणून जे छापले जाते त्याचा. 'ही रचना कंपनीच्या हिताची आहे, असे संचालक मंडळाचे मत आहे.' हे कारण झाले का? हा तर निर्णयच पुन्हा सांगितला! ब्रिटनच्या २०१८ च्या संहितेनुसार अध्यक्षाने संचालक मंडळावर नऊ वर्षांपेक्षा जास्त राहू नये. मुदत वाढवताना हमखास 'अनुभव' आणि 'सातत्य' पुढे केले जाते. पण नऊ वर्षांनी अनुभव कोणाकडे नसतो? उत्तराधिकाऱ्याचा शोध कधी सुरू केला, हे सांगा ना.

मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटनमधील दुकानांच्या कंपनीने २००८ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी सर स्टुअर्ट रोझ यांनाच अध्यक्ष केले. दोन्ही पदे एका हाती नसावीत, असे संहिता सांगत होती. तरी कंपनीचे स्पष्टीकरण पोकळ नव्हते. उत्तराधिकारी घडायला वेळ हवा, ही व्यवस्था २०११ पर्यंतचीच, आणि रोझ दरवर्षी भागधारकांपुढे फेरनिवडीला उभे राहतील, असे तिने सांगितले. मोठे गुंतवणूकदार तरीही चिडले, कारण त्यांना आधी विश्वासात घेतले नव्हते. २००९ च्या सभेत स्वतंत्र अध्यक्षाच्या मागणीचा ठराव फेटाळला गेला, पण त्याला एक तृतीयांशाहून जास्त मते पडली. कंपनीने मुदत आणि अटी लेखी दिल्या होत्या, म्हणूनच भागधारकांना त्यांवर बोट ठेवता आले. गुळमुळीत वाक्यावर कोण कसे मत देणार?

चांगले कारण कसे असावे, हे युरोपीय आयोगाने २०१४ च्या शिफारशीत सांगितले आहे: नियम कोणत्या प्रकारे मोडला, का मोडला, कंपनीत तो निर्णय कसा झाला, तात्पुरता असेल तर पुन्हा कधी पाळणार, आणि त्याऐवजी कोणती उपाययोजना केली. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच बहुतेक वेळा गाळला जातो. अध्यक्ष स्वतंत्र नसेल, तर त्याला जाब विचारणारा दुसरा कोण आहे?

माझी विनंती आहे की निकालाच्या बातमीसोबत एक लहान चौकट द्यावी. त्यात कोणता नियम पाळला नाही आणि काय कारण दिले, एवढे असले तरी चालेल. शिवाय मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून, तेच वाक्य शब्दशः पुन्हा छापले आहे का, हेही आपल्या वार्ताहरांनी पाहावे.

आपला,
एक भागधारक वाचक