मेणबत्त्या लावून काय होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बलात्काराच्या घटनेनंतर लोक रस्त्यावर उतरले की 'मेणबत्त्या लावून काय होणार?' हा शेरा ठरलेलाच. शेरा मारणाऱ्यांना १९७९ सालच्या एका पत्राची आठवण द्यावीशी वाटते.

मार्च १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीसच. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणजे संमती होती! ठाण्याचे दार आतून बंद असताना तिने कोणाच्या नावाने ओरडायचे होते? तेव्हा रस्ते शांतच राहिले. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे. (वाचकांच्या पत्रांना हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.) १९८० मध्ये मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात 'माझी संमती नव्हती' हे बाईचे म्हणणे न्यायालयाने आधी खरे धरायचे, असे ठरले.

गुन्हा ऐकून आपण हळहळतो. जिथे दाद मागायची तिथेच तिला खोटे पाडले गेले, की मग चळवळ होते. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या साथिनीवर (सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला; खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. महिला संघटनांनी मात्र कामाच्या जागी बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे त्यातून आली. आज कार्यालयाकार्यालयांत तक्रार समित्या आहेत त्या त्या साथिनीमुळे. तिच्या पदरात काय पडले, हे न विचारलेलेच बरे.

डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर दिल्लीत घोषणा होत्या फाशीच्या. कायद्यातले बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला, त्यात बलात्काराला फाशीची शिफारस नव्हती. वैवाहिक बलात्काराला, म्हणजे नवऱ्याने बायकोवर केलेल्या बळजबरीला, दिलेली सूट काढा, असे मात्र स्पष्ट म्हटले होते. सरकारने फाशी काही गुन्ह्यांपुरती घेतली, सूट काढण्याची शिफारस मात्र बाजूला ठेवली. जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती सूट तशीच आहे, आणि ती काढा म्हणून अजून मोठा मोर्चा निघालेला नाही.

– एक वाचक