उतारा वाचला, पण कळला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या घटक चाचण्या झाल्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका घरी आल्या, की पालक मराठीच्या पेपरात व्याकरणात किती गुण गेले आणि निबंधात किती मिळाले हे बारकाईने पाहतात. उताऱ्यावरील प्रश्नांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, कारण तेथे बहुतेक मुलांना पैकीच्या पैकी गुण असतात आणि ते गुण हातचे समजले जातात. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये २९ वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर नाशिकच्या इंदिरानगर भागात राहते आणि गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून चौथी ते सातवीच्या आठ-दहा मुलांसोबत लहान लहान माहितीपर उतारे वाचते. या चार वर्षांत जे दिसले, त्यावरून मला या हातच्या गुणांची काळजी वाटू लागली आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी मी मुलांना फळ्यावर एक वाक्य लिहून दिले : ‘टिरक्या मोंबाने झुपली घरवटली आणि ती भिंगोट्यात लपवली.’ यातील ‘आणि’, ‘ती’ व ‘लपवली’ हे शब्द सोडले, तर बाकी सगळे मी मनाने रचलेले, निरर्थक. खाली तीन प्रश्न दिले. झुपली कोणी घरवटली? ती कोठे लपवली? मोंब कसा होता? सर्व मुलांनी तिन्ही उत्तरे बिनचूक लिहिली. सहावीतल्या एका मुलीने तर सामान्यरूप सोडवून ‘मोंब टिरका होता’ असे नेटके पूर्ण वाक्य लिहिले. मग मी विचारले, की झुपली म्हणजे काय आणि मोंबाने तिचे नेमके काय केले? कोणालाच सांगता येईना. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, “बाई, कळलं काहीच नाही, पण उत्तरं तर बरोबर आहेत ना?” त्याच्या या प्रश्नात कसलीही लबाडी नव्हती. शाळेने, शिकवणीने आणि घराने त्याला उतारा सोडवण्याची जी रीत शिकवली होती, ती त्याने प्रामाणिकपणे पाळली होती.

ही रीत आपण सर्वांनीच घडवली आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, त्या ओळीखाली रेघ मारा, ती ओळ उतरवून काढा, असे शिष्यवृत्तीच्या जादा तासाला मीही वर्षानुवर्षे सांगत आले. बाजारातील बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांमध्ये उताऱ्याखालचे प्रश्न उताऱ्यातलीच वाक्ये उलटी करून तयार केलेले असतात. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत भाषेच्या भागात चार उतारे आणि त्यांवर वीस प्रश्न असतात, शंभरपैकी पंचवीस गुण त्या भागाला असतात. तेथेही चार पर्यायांतून एक निवडायचा असल्यामुळे तयारी करून घेणारे लोक ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’ असा सल्ला देतात. वेळ वाचवण्यासाठी तो सल्ला उपयोगी असेलही, पण ज्या मुलाने वाचनाचा सराव फक्त असाच केला आहे, त्याच्यासाठी उतारा म्हणजे उत्तर दडवून ठेवलेली जागा होऊन बसते. तो कोणीतरी काही सांगण्यासाठी लिहिलेला मजकूर आहे, ही जाणीवच त्याला होत नाही.

याचे एक उदाहरण मी विसरू शकत नाही. आपल्या गोदावरीवर मी आठ ओळींचा उतारा लिहिला होता. ती त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, सुमारे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, अशी साधी माहिती होती. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम असा घातला, की रामकुंडाजवळ गोदावरीची खोली किती आहे? उताऱ्यात खोलीविषयी एक अक्षरही नव्हते. त्या दिवशी नऊ मुले होती आणि नऊही मुलांनी ‘१४६५ किलोमीटर’ असे लिहिले. ही मुले रामकुंडावर अनेकदा गेलेली, तेथे पाय बुडवून बसलेली. पाणी एक हजार चारशे पासष्ट किलोमीटर खोल असू शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण उतारा वाचताना आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवायचे असते, अशी त्यांची समजूत झालेली होती. ‘उताऱ्यात हे सांगितलेले नाही’ हे सुद्धा उत्तर असू शकते, असे मी सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना, कारण प्रश्न कोरा सोडायचा नाही, काहीतरी लिहून ठेवायचे, हे त्यांच्या मनावर पहिलीपासून बिंबवलेले आहे. तेव्हापासून प्रत्येक उताऱ्याखाली मी असा एक प्रश्न ठेवतेच.

उतारे माहितीपर असावेत, हा माझा आग्रह काहींना पटत नाही. गोष्टींमुळेच मुलांना वाचनाची गोडी लागते, असे ते म्हणतात आणि ते खरेच आहे. परंतु गोष्टीत पुढे काय झाले या उत्सुकतेवर मूल चार अनोळखी शब्द ओलांडून जाते आणि तरीही त्याला गोष्ट कळते. माहितीच्या मजकुरात तसे चालत नाही. तेथे ‘मात्र’, ‘परिणामी’, ‘त्याऐवजी’, ‘जरी... तरी’ अशा लहान शब्दांवर सगळा अर्थ तोललेला असतो. एका संग्रहालयाच्या वेळांविषयीच्या उताऱ्यात ‘सोमवारखेरीज रोज सकाळी दहा वाजता’ असे वाक्य होते. संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असते, असे विचारल्यावर पाच मुलांना उत्तर सुचेना आणि दोघांनी तर ते फक्त सोमवारी उघडे असते असे लिहिले. ‘खेरीज’ हा शब्द त्यांनी ऐकलेला होता, पण वाचताना तेथे थांबावे लागते हे त्यांना माहीत नव्हते. पाचवीपासून पुढे विज्ञान, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र हे सारे विषय अशाच मजकुरातून शिकायचे असतात. ‘माझ्या मुलाला भूगोल जमत नाही’ असे सांगणाऱ्या पालकांना मी भूगोलाच्या पुस्तकातला एकच परिच्छेद मुलाकडून वाचून घ्यायला आणि मग पुस्तक मिटून तो त्याच्या शब्दांत सांगायला लावते. अडचण बऱ्याचदा भूगोलात नसून वाचनात असते, हे त्यांना तेथेच कळते. चौथीच्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्यात निम्मा भाग कथात्म मजकुराचा आणि निम्मा माहितीपर मजकुराचा असतो, आणि दिलेली माहिती शोधण्याबरोबरच अनुमान काढणे, विखुरलेल्या गोष्टी जोडून अर्थ लावणे आणि मजकुराची पारख करणे या क्षमताही तपासल्या जातात. आमच्या मुलांचा सराव यांपैकी पहिल्याच पायरीवर थांबतो.

आकलनाचा संबंध मुलाला त्या विषयाची आधी किती ओळख आहे याच्याशी फार जवळचा आहे, हे मला द्राक्षांच्या उताऱ्याने शिकवले. उतारा थोडक्यात असा होता : ‘एप्रिलच्या छाटणीनंतर द्राक्षवेलीवर नव्या काड्या वाढतात. या काड्यांच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडांची सूक्ष्म सुरुवात होते आणि त्यासाठी भरपूर सूर्यप्रकाश लागतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्याच डोळ्यांतून घड बाहेर पडतात.’ प्रश्न होता, मे-जूनमध्ये आभाळ सतत भरून राहिले, तर बागायतदाराला नुकसान केव्हा दिसेल? आमच्यातला सर्वांत अस्खलित वाचणारा मुलगा लगेच ‘मे-जूनमध्ये’ म्हणाला. अडखळत वाचणारी एक मुलगी, जिच्या मामाची निफाडकडे बाग आहे, ती मान हलवून म्हणाली, “तेव्हा कुठं कळतं? गोडी छाटणी झाल्यावर कळेल. काड्यांवर घडच कमी निघतील.” ‘गोडी छाटणी’, म्हणजे ऑक्टोबरची छाटणी, हा शब्द उताऱ्यात नव्हता, तो तिने घरून आणला होता. अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले होते. खेळाची चांगली माहिती असलेली, पण वाचनात कच्ची समजली जाणारी मुले तो मजकूर समजून घेण्यात, वाचनात हुशार पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांच्या पुढे गेली. आमच्या सतरंजीवर मला तेच दिसले. म्हणूनच वेगवेगळ्या विषयांवरचे लहान उतारे सतत वाचत राहणे महत्त्वाचे वाटते, कारण आज वाचलेला उतारा हीच उद्याच्या उताऱ्याची पूर्वतयारी असते. त्या मुलीचे वाचनही त्या दिवसापासून धीट झाले, हे आवर्जून नमूद करते.

सरावाची आमची पद्धत साधी आहे आणि ती कोणत्याही घरी पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकते. उतारा शंभर ते दीडशे शब्दांचा असावा. आधी फक्त शीर्षक सांगून या विषयाचे काय माहीत आहे ते विचारावे, मग मुलांनी मनात वाचावे, कागद पालथा घालावा आणि शेजारच्याला दोन वाक्यांत सांगावे. या दोन वाक्यांतच मुलाला किती समजले ते उघड होते. त्यानंतर कागद उलटून पुन्हा वाचायचे आणि प्रश्न आधी मुलांनी काढायचे. नांदूरमध्यमेश्वरचा उतारा वाचताना याचा फार आनंद मिळाला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बांधला गेला, पुढे गाळ साचून पाणी उथळ झाले, दलदल तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी येऊ लागले आणि २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली, असा तो उतारा. एका मुलाने प्रश्न काढला, “गाळ साचला हे चांगलं झालं की वाईट?” शेतीच्या पाण्यासाठी वाईट, पक्ष्यांसाठी चांगले, यावर अर्धा तास चर्चा झाली. जो कोणी काही म्हणेल, त्याने उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यावरून म्हटले ते बोट ठेवून दाखवायचे, एवढी एकच अट होती.

प्राथमिक स्तरावर वाचता येणे याकडे आता शासनाचे लक्ष आहे, याचे समाधान वाटते. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावे, यासाठी ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाले, आणि ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २००५ पासून हा प्रश्न देशासमोर ठेवला. मात्र मूल मजकूर सरळ वाचते का, हे तपासून आपण थांबलो, तर पुढची निम्मी वाट तशीच राहते.

आता आपल्याकडे एक विनंती. आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर येणाऱ्या लहान चौकटी मी नेहमी कापून ठेवते, कारण दीडशे शब्दांत एक गोष्ट पूर्ण सांगण्याची ती कला मुलांच्या सरावाला नेमकी उपयोगी पडते. आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी, अशी एक चौकट आपण मुलांसाठी द्यावी. विषय नाशिकच्या परिसरातले घ्यावेत : पांडवलेण्यांतील शिलालेख, लासलगावचा कांद्याचा लिलाव, नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापले जाणारे चलन, १८४० पासून चालत आलेले आपले सार्वजनिक वाचनालय. खाली तीनच प्रश्न असावेत. एकाचे उत्तर उताऱ्यात असावे, दुसऱ्याचे दोन वाक्ये जोडल्यावर मिळावे, आणि तिसऱ्याचे उताऱ्यात नसावे. उत्तरे त्याच दिवशी देऊ नयेत. पुढच्या शनिवारी ती द्यावीत, आणि कोणत्या वाक्यावरून ती मिळतात हेही सांगावे, म्हणजे आठवडाभर घरात त्यावर बोलणे होईल. शहरातील शाळा आणि वाचनालयांनी ही चौकट फलकावर लावली, तर ज्यांच्या घरी वृत्तपत्र येत नाही त्या मुलांपर्यंतही ती पोहोचेल.

हे काम कोणावर नवा भार म्हणून पडावे, अशी माझी इच्छा नाही. पहिल्या बारा आठवड्यांचे उतारे आणि प्रश्न लिहून देण्याची माझी तयारी आहे, आणि त्यांपैकी चार उतारे या पत्रासोबत जोडले आहेत. रविवारच्या मुलांनी ते वाचून पाहिले असून, जेथे ती अडली ती वाक्ये मी पेन्सिलने खुणावली आहेत. संपादकीय विभागाने त्यांची भाषा हवी तशी सुधारून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक